बिबड्यांचा रिटेक

"भाऊ, राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. सोमवारी देतो," असं म्हणत योगेशने मेमरी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं.

जळगावात मी व्हिडिओ एडिटिंग करतो. योगेश पाइपच्या कारखान्यात पर्मनंट. सुटीला भडगावजवळच्या गावी जाऊन तो आईच्या, वत्सलाअक्कांच्या, रांधण्याचे व्हिडिओ करायचा. हौस म्हणून. लोकांना ते आवडू लागले, तेव्हा त्याने हेच करिअर करायचं ठरवलं. नवा माइक घेतला. आठवड्याला चार व्हिडिओंचं वेळापत्रक भिंतीवर लावलं.

"एवढी घाई कशाला?"

"शिफ्ट करून चार होत नाहीत, भाऊ. अर्धवट किती दिवस करू?"

त्याचंही खोटं नव्हतं. पोराला नजर होती.

कार्डात बिबड्यांचं शूटिंग होतं. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा, गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, खाटा टाकून पापडासारखा उन्हात वाळवायचा. हे एकटीचं काम नाही. गल्लीतल्या बाया आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा पाळीने जातात.

मी रफ कटला बसलो. म्हणजे नको ते काढून पहिली जुळणी करायची. हेडफोनमध्ये सारखा योगेशच येत होता. "काकू, बोलू नका, माइकात येतं." "मंगलाकाकू, पुन्हा थापा, हात फ्रेमबाहेर गेला."

"आम्ही बिबड्या कराले उनूत का शूटिंगले?" शेजारच्या मंगलाकाकू हसून म्हणाल्या. तिसऱ्या रिटेकला मात्र हसल्या नाहीत. "अरे भो, घाटा थंडा व्हई गया!"

थंड घाटा पसरत नाही, फाटतो. अर्धं पातेलं वाया गेलं. बाया चहालाही न थांबता निघून गेल्या.

माइक अक्कांच्या पदराला तसाच राहिला होता. पुढे बराच वेळ फक्त भांड्यांचे आवाज. एडिटर असला भाग आधी कापतो. पत्नी गेल्यापासून माझ्या घरातही एवढेच आवाज असतात. म्हणून असेल, मी ऐकत राहिलो. शेवटी अक्का स्वतःशीच म्हणाल्या, "सकाय माले कोन्ही बलावाव नही." उद्या मला कुणी बोलावणार नाही.

योगेश आला तेव्हा मी हेडफोन त्याच्या हातात दिला. त्याने ते दोनदा ऐकलं.

"मग बोलावलं का अक्कांना?" मी विचारलं.

"नाही. मला म्हणाली, पाय दुखतो म्हणून गेले नाही."

सोमवारी तो कारखान्यात गेला नाही, गावी गेला. मंगलाकाकूंच्या दारात उभा राहिला. त्यांचीच पाळी होती.

"काकू, चुकलं माझं."

"कॅमेरा घर ठेव आनि खाटा धाबावर चढाव," काकू म्हणाल्या. "आधी तुनी मायले बलाव."

अक्का पदर खोचून आल्या. पाय दुखत नव्हता.

तो व्हिडिओ आम्ही केलाच नाही. योगेश अजून नोकरीत आहे. आठवड्याला एक व्हिडिओ करतो, त्यात बाया मनसोक्त बोलतात आणि मी एक शब्द कापत नाही. राजीनामा त्याच्या खिशात आहे. कधी द्यायचा, ते तो ठरवेल.

हौस की करिअर, हे लोक मला विचारतात. मला माहीत नाही. माझ्या धंद्यात एवढंच कळलं, की कॅमेरा थांबवता येतो, घाटा थांबत नाही.