फिरत राहिलेली मोटर

बाबांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी, केनवडला आले. घरून काम करायची मुभा मिळाली होती. दवाखान्यात औषध थेंबाथेंबाने शरीरात सोडणारा पंप असतो, त्याच्यासाठी आम्ही एक नवीन ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होतो. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि पंपाची मोटर यांच्यात बोलणं घडवून आणणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो ऑफिसातल्या माझ्या सरांनी लिहिला होता आणि तपासायला माझ्याकडे आला होता.

मला हे काम शिकवलं ते याच सरांनी. नोकरीला लागले तेव्हा माझ्या कोडवर त्यांचे लांबलचक शेरे यायचे आणि मी ते धडधडत्या छातीने वाचायची. आता शेरे मला लिहायचे होते. सोमवारी पंप चाचणीसाठी एका दवाखान्यात जाणार होते. बाकी सगळ्यांचा होकार आला होता, माझाच राहिला होता.

कोड नेहमीसारखाच नेटका होता. अडकले ते ड्रायव्हर बंद करायच्या भागात. तिथे आधी वापरलेली मेमरी परत केली होती आणि मग मोटरचे इशारे घेणं थांबवलं होतं. मोटर फिरताना सारखे इशारे पाठवत असते. या दोन ओळींच्या मधे एखादा इशारा आलाच, तर कर्नेल जी जागा आता आपली नाही तिथे लिहिणार. पुढे काय होईल याचा भरवसा नाही. मी पुन्हापुन्हा वाचलं, मग शेरा लिहिला.

दुपारी सरांचा फोन आला. ते चिडले नव्हते, याचंच मला जास्त दडपण आलं. सगळ्या चाचण्या पास झाल्यात, त्या दोन ओळींमधला वेळ डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी कमी आहे, सोमवारनंतर दुरुस्त करू, असं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू अडवलंस तर तारीख जाईल. नीट विचार कर."

नेटवर्क फक्त बाबांच्या खोलीतल्या खिडकीशी टिकायचं, त्यामुळे माझं टेबल त्यांच्या खाटेला लागूनच होतं. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. शेजारच्या वावरात सोयाबीन काढणं चालू होतं. थ्रेशरचा भुसा आत येऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली, तसे ते म्हणाले, "मोठ्या मानसाशी कायले भांडून राह्यली वं? नोकरी जाईन ना."

"भांडून नाही राह्यली बाबा. त्यात चूक हाये."

"त्याईले दिसत नाही, अन् तुले दिसते?"

तीच भीती माझ्याही मनात होती.

चाचणीसाठीचा एक सर्किट बोर्ड मी घरी आणला होता, मोटरसकट. त्या दोन ओळींच्या मधे मी मुद्दाम थोडं थांबणं घातलं, म्हणजे फट मोठी झाली, आणि ड्रायव्हर बंद केला. काहीच झालं नाही. परत केलं, तरी काही नाही. सरांना काय तोंड दाखवायचं? आई जेवायला बोलवत होती. नंतर जेवते म्हटलं.

मग लक्षात आलं, मी मोटर थांबलेली असताना बंद करत होते. थांबलेली मोटर इशारे कुठून पाठवणार? मी ती पूर्ण वेगात फिरवली आणि ड्रायव्हर बंद केला.

स्क्रीन गोठली. एकही बटण चालेना. आणि मोटर फिरतच राहिली. तिला थांबवणारं आता कोणी उरलं नव्हतं. तिच्या पुढे नळी नव्हती, औषध नव्हतं, माणूस नव्हता, म्हणून बरं. बाबा कोपरावर रेलून बघत होते. "बंद कर ना ते," ते म्हणाले. मी व्हिडिओ काढला आणि मगच वायर उपटली.

व्हिडिओ पाहून सरांनी फोन केला. विचारलं, "थांबणं न घालता असं झालं का?"

"नाही, सर. पण मी होकार देऊ शकत नाही."

"ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

तारीख पुढे गेली. दवाखान्याला त्यांनीच कळवलं, माझं नाव मधे न आणता. नवीन कोड आला, त्यात आधी इशारे बंद होत होते आणि मग मेमरी परत जात होती. बोर्डावर चालवून पाहिला, मोटर मुकाट थांबली. मी होकार दिला. सर पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले, मात्र पुढचा ड्रायव्हर त्यांनी स्वतःहून माझ्याकडेच तपासायला पाठवला.

ती चूक खऱ्या पंपात कधी झाली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बाबांचं म्हणणं, जे झालंच नाही त्याच्यापायी मी साहेबाले नाराज केलं. मी वाद घालत नाही.