मांजरपाटाचा समुद्र

माझं लग्न झालं ते स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत. रेवदंड्याच्या अलीकडे एका वाडीत आमचं घर, आणि घराच्या पडवीतच ह्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान. कंदिलांना बुडं बसवायची, डब्यांना डाग द्यायचे, लग्नकार्यातल्या बत्त्या दुरुस्त करायच्या. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा विधवा होऊन माहेरी परत आलेल्या.

लग्नाआधी हे मुंबईला एका नाटक कंपनीत पडद्यामागे कामाला होते. कंपनी बुडाली, हे गावी आले, पण डोक्यातून ते काही गेलं नाही. जेवता जेवता एकदम म्हणायचे, "डब्यात दिवा ठेवून पुढं निळा कागद लावला ना, की चांदणं पडतं बघ." आम्ही दोघी भात कालवत ऐकून घ्यायचो. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं: चौलच्या दत्ताच्या जत्रेत समुद्रमंथनाचा हलता देखावा लावायचा.

टेकडीच्या पायथ्याशी बांबू आणि नारळाच्या विणलेल्या झापांचा मांडव उभा राहिला. देव आणि दानव लाकडी फळ्यांवर रंगवलेले. ते एका दोरीने पुढंमागं झुलायचे, म्हणजे वासुकी ओढल्यासारखा दिसायचा. विष निघायच्या वेळी हिरव्या कागदामागची बत्ती उघडायची आणि निखाऱ्यावर राळ टाकायची. वीज म्हणजे आरसा, गडगडाट म्हणजे टांगलेला पत्रा. शेवटी पाण्यातून लक्ष्मी वर यायची. ती एका दांडीच्या टोकाला होती, आणि दुसऱ्या टोकाला वाळूचं पोतं. हे सगळं मांडवात वर बांधलेल्या माळ्यावर बसून हे एकटे करायचे, वर मोठ्या आवाजात कथाही सांगायचे. त्यात त्यांचा जीव रमायचा.

समुद्र आम्हा दोघींकडे होता. वाळलेल्या पोफळीची चार लांब खोडं एकापुढे एक आडवी ठेवलेली, त्यांच्यावर काथ्याचा जाड दोर पिळासारखा गुंडाळलेला, आणि वरून नीळ घातलेल्या मांजरपाटाचं भलंमोठं कापड. खोडं फिरली की कापड खालून उचललं जायचं आणि लाटा चालल्यासारख्या दिसायच्या. चारही खोडांना मिळून एकच दोरी होती, तिची मूठ एकीने फिरवायची. मी एक खेळ करायचे, वन्सं दुसरा. दिवे लागल्यापासून आठ-नऊ खेळ व्हायचे. पाच रात्री. मधल्या खेळाला जमिनीवर पाठ टेकायला मिळायची, एवढं सुख होतं.

पहिल्याच जत्रेत, तिसऱ्या रात्री, खेळ संपल्यावर मी तांब्या घेऊन बाहेर आले. लोक पांगत होते. थळहून आलेली एक कोळीण मात्र मांडवाच्या तोंडाशी उभी होती. घामाने भिजलेली मला बघून म्हणाली, "बाय, दर्या तूच हलवतीस काय?"

"हो."

"पन ही तं नदी झाली गो. आडवी वाहते. दर्याची लाट आंगावर येते. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

ती हसली नाही, खोडी काढायला बोलली नाही. चूक दिसली म्हणून सांगितली आणि गेली. पुढचा खेळ वन्संचा होता, तो मी समोर उभी राहून बघितला. खरंच, पीळ दिलेला दोर फिरला की लाट या टोकाकडून त्या टोकाला सरकायची. जन्म समुद्राकाठी गेला आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

जत्रा संपली तरी ते मनातून जाईना. एका दुपारी मी शेजारपाजारची मिळून चार लाटणी आणली. प्रत्येकाला एका अंगाने झाडूचे हीर बांधले, म्हणजे ती बाजू जाड झाली. चारही पाटावर ओळीने ठेवली, वर ओला पंचा टाकला. मागच्या लाटण्याची जाड बाजू आधी वर आणली, मग त्याच्या पुढच्याची, मग तिसऱ्याची, मग चौथ्याची. पंच्याचा उंचवटा माझ्याकडे चालत आला. मी पुन्हा केलं. पुन्हा आला.

हे दारात उभे होते. आत येऊन त्यांनी एक लाटणं स्वतः फिरवून बघितलं. मग म्हणाले, "पण चारही एका दोरीवर नाही चालायची. दोरी घसरते, आणि एक खोड जरा मागं पडलं की लाटच मोडली. चार माणसं लागतील."

"दोन पुरतील," मी म्हटलं. "एकीच्या दोन हातांत दोन मुठी. एक हात वर, तेव्हा दुसरा खाली. एका अंगाला मी बसेन, पलीकडे वन्सं."

हे मीच बोलले. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. त्या एका वाक्याने आमची मधली विश्रांती गेली.

ह्यांनी खोडांवरचा पीळ सोडून दोर प्रत्येकाच्या एकाच अंगाला बांधले, आणि पुढच्या जत्रेत मांडवातली पुढची माणसं पाय वर घेऊन बसली. लाट अंगावर येते आहे असं त्यांना खरोखर वाटलं. हे माळ्यावरून उतरले तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते. "बघितलंस? बघितलंस?" ते विचारत होते. मी काय बघणार? मी कापडाखाली होते.

त्यानंतर दरवर्षी मार्गशीर्ष जवळ आला की माझे खांदे आधीच दुखायला लागायचे. दिवसा स्वयंपाक, फाटलेल्या कापडाला ठिगळं, खोडांच्या टोकांना उंडीचं तेल. संध्याकाळपासून कापडाखाली. आत राळेचा धूर साचायचा, वरून बत्तीची धग. हाताची लय चुकली की समुद्र उसळायचा सोडून नुसता फडफडायचा, म्हणून मी मनातल्या मनात दळणाच्या ओव्या म्हणायचे. वन्संही तेच करायच्या. चार हातांच्या मध्ये काळोख होता, पण त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि त्यावरून मी माझा हात सांभाळायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "वन्सं, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"अंग दुखतं गं," त्या म्हणाल्या. "पण इथं कुणी बघत नाही. वर्षातल्या एवढ्या पाच रात्री मी लोकांत असते आणि कुणी माझ्या कपाळाकडे बघत नाही."



सातव्या की आठव्या वर्षी चौथ्या रात्री वन्संना ताप भरला. त्यांना मांडवामागे घोंगडीत निजवलं. बाहेर माणसं दाटलेली. ह्यांनी मला विचारलं, "तू चारही फिरवशील?"

"मला दोनच हात आहेत," मी म्हटलं.

मग ते पलीकडे वन्संच्या जागी बसले. कथा सांगायला गावातल्या एका भजनीबुवांना उभं केलं आणि दिव्यांच्या दोऱ्या ओढून पलीकडच्या खांबाला आणून बांधल्या. पहिला खेळ ह्यांनी नेटाने केला. दुसऱ्यात हात जड झाला, मला लगेच कळलं, कारण लाट अर्ध्यावर येऊन बसायची. तिसऱ्या खेळात लक्ष्मीची वेळ आली, बुवांनी तिचं नाव घेऊन वाळूच्या पोत्याची दोरी सोडली, आणि ह्यांना मूठ सोडून बत्तीची दोरी ओढायला हातच उचलेना. लक्ष्मी अंधारात वर आली आणि अंधारातच उभी राहिली. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. ह्यांनी त्या रात्रीचे उरलेले खेळ बंद केले.

मांडव रिकामा झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. "दाखव हात," म्हणाले.

मी तळवे उघडले. त्यांनी कंदील जवळ घेतला. घट्टे होते, जुने, पिवळे पडलेले. एक नवीन फोड फुटला होता. त्यांनी अंगठ्याने एक घट्टा दाबून बघितला.  मला राग आला नाही असं नाही, पण राग धरायलाही अंगात जोर लागतो. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर चारही मुठींना गोणपाट गुंडाळलेलं होतं. त्यानंतर रात्रीला खेळ पाचच होऊ लागले.

साठ सालानंतर जत्रेत वीज आली. ह्यांनी कुठून तरी जुनी मोटर आणली, पट्टे जोडले, आणि महिनाभर खटपट करून चारही खोडं तिच्यावर चालवली. पहिल्या रात्री मी मांडवात गेलेच नाही. दुसऱ्या रात्री हे खेळ अर्धवट सोडून घरी आले. वन्सं आणि मी नुकत्याच जेवून उठलो होतो.

"लोक म्हणतात, समुद्र पहिल्यासारखा नाही," ते म्हणाले. "सारखा एकाच चालीने येतो. तुम्ही दोघी मध्येच हळू करायचात, मध्येच जोर लावायचात. तेच नाही त्यात."

हळू करायचो ते दमून. मी तसं सांगितलं नाही.

"शेवटच्या खेळापुरत्या या. एकच खेळ."

मी वन्संकडे पाहिलं. त्या खरकटी भांडी गोळा करत होत्या, थांबल्या नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही येणार."

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती, आणि ह्यांना मी असं सरळ नाही पहिल्यांदाच म्हटलं. ते मग चपला घालून परत गेले. मला वाईट वाटलं, पण उठावंसं वाटलं नाही. मी आणि वन्सं लवकर आडव्या झालो. टेकडीकडून पत्र्याचा गडगडाट ऐकू येत होता. मी दुसऱ्या गडगडाटापर्यंत जागी नव्हते.

देखावा अजून तीन वर्षं चालला. मग शेजारी तंबूतला सिनेमा येऊन बसला आणि माणसं तिकडे वळली. हे पुढं वाड्यांवरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करू लागले, आणि ते काम मात्र चांगलं चाललं. देखावा बंद झाल्यावर सहा वर्षांनी वन्सं गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे त्यांची वेणी मी घालायची. केस पिकले होते, पण दाट होते, आणि गुंता सोडवायला वेळ लागायचा.