रुळांच्या पूर्वेला

तुमच्या शहरातल्या ज्या भागाबद्दल तुम्ही चारचौघांत ठामपणे बोलता, त्या भागात तुम्ही शेवटचे पायी कधी गेला होतात?

मला कोणी हे विचारलं असतं तर मान खाली घालावी लागली असती. न्यू जर्सीतल्या ज्या शहरात मी राहते, त्याच्या मधून रेल्वे जाते आणि रुळांना चिकटून हायवे. पश्चिमेला आम्ही राहतो, पुण्या-मुंबई-नागपूरहून नोकरीसाठी आलेले, आणि आमच्या आधीपासूनचे गोरे. पूर्वेला बहुतेक काळी कुटुंबं. महापौराची निवडणूक आली की पश्चिमेच्या हिरवळींवर एका उमेदवाराच्या पाट्या लागतात, पूर्वेच्या व्हरांड्यांत दुसऱ्याच्या. रुळांखालून एक बोगदा जातो. त्यातून गाड्या जातात. चालणारं माणूस क्वचित दिसतं.

मी पत्रकांत वाढले. आमच्या वस्तीतल्या विहारात बाबा आणि त्यांचे मित्र पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. एका पत्रकावर गावाचा नकाशा होता: देऊळ कुठे, पाणवठा कुठे, आपली वस्ती कुठे आणि वारा कुठून कुठे वाहतो. वस्ती नेहमी वाऱ्याच्या उतरत्या बाजूला असते, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं.

आणि तरीही मी ती यादी लिहिली.

इथे आले तेव्हा पहिले तीन आठवडे एका काकूंच्या बेसमेंटमध्ये राहिले. माझ्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीच्या, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी मला गरम जेवण दिलं, बँकेत नेलं, किराण्यासाठी एडिसनच्या भारतीय दुकानांत नेलं. इथल्या आम्हा मराठी लोकांत एक रीत आहे. नवीन माणूस आलं की त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवायची: डाळ कुठे मिळते, दातांचा डॉक्टर कोणता, घर कुठे बघावं. जुनी यादी विस्कळीत झाली होती. काकू म्हणाल्या, तुझं मराठी छान आहे, तू नीट लिहून काढ. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. नववी ओळ अशी होती: ‘रुळांच्या पूर्वेला घर बघू नका. तिथलं वातावरण चांगलं नाही.’

मी काकूंना विचारलंसुद्धा नाही की कसलं वातावरण. त्या संध्याकाळी मराठी मंडळींच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मी कोणाच्या तरी उपयोगी पडले असं वाटलं. एकटं माणूस किती स्वस्तात खूश होतं, हे तेव्हा कळायला हवं होतं.

पूर्वेला मी गेले ती तिथे असलेल्या शहराच्या वाचनालयामुळे. रविवार जाता जात नव्हता, आणि तिथल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीत हीटर चांगला होता. ती खोली सांभाळणाऱ्या बाई साठीच्या, पूर्वेलाच जन्मलेल्या. काही आठवड्यांनी त्यांनी मला एक जुना नकाशा काढून दाखवला. बँकांनी कर्ज कुठे द्यायचं नाही ते त्यात लाल रंगवलं होतं. लाल भाग रुळांच्या पूर्वेला, सगळाच. पुढे हायवे आणायचा ठरला तेव्हा तो त्याच लाल भागातून काढला. बाईंनी एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे त्यांच्या आजीचं घर होतं, आता तिथे हायवेवर चढायचा रस्ता आहे. मी त्यांना बाबांच्या पत्रकातल्या गावाबद्दल सांगितलं. वाऱ्याचं ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या की इथे कचऱ्याचा डेपो कुठे आहे ते तुला सांगायला नको मग. त्यानंतरचे सगळे रविवार मी तिथे काढले. या शहरात माझी वाट बघणारं ते एकच माणूस होतं.

गेल्या वर्षी शाळांची हद्द बदलायचा प्रस्ताव आला. दोन्ही बाजूंची मुलं एकाच शाळेत जाणार होती. पश्चिमेत खळबळ उडाली. काकूंनी मला घरी बोलावून विरोधाचं निवेदन लिहायला सांगितलं. मी नाही म्हटलं, आणि नकाशापासून हायवेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांचे यजमान म्हणाले, यार, ही तर भाषणच द्यायला लागली. काकूंनी शांतपणे फोन माझ्यापुढे धरला.

“नववी ओळ तूच लिहिलीस ना गं? मग आम्ही वाईट आणि तू कोण?”

निवेदन त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं. त्या यादीचं इंग्रजी भाषांतरही त्यांनी त्याला जोडलं, बाहेरून आलेले लोकसुद्धा काय म्हणतात ते नगर परिषदेला कळावं म्हणून.

सुनावणी नगर परिषदेच्या सभागृहात झाली. प्रत्येकाला दोन मिनिटं. वाचनालयातल्या बाई पुढच्या रांगेत, काकू मागे आमच्या लोकांत. गप्प बसले असते तर दोन्ही दारं उघडी राहिली असती. माझं नाव पुकारलं गेलं. मी इंग्रजीत एवढंच सांगितलं:

“निवेदनाला जोडलेला तो कागद मी लिहिलाय. लिहिला तेव्हा मी पूर्वेला एकदाही गेले नव्हते. त्याला पुरावा मानू नका.”

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. निर्णय पुढे ढकलला. बाहेर काकूंची गाडी माझ्यासमोरून निघून गेली. बाई कोट घालत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, “इतके रविवार तू माझ्यासमोर बसलीस. तेव्हा का नाही सांगितलंस?” मग त्या बोगद्याकडे चालत गेल्या. मी अजूनही रविवारी वाचनालयात जाते. त्या मला हवी ती फाइल काढून देतात आणि आपल्या टेबलाशी परत जातात.

ग्रुपमधून मला कोणी काढलं नाही. फक्त मी लिहिलेल्याला उत्तर येत नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, बोलावणं आलं नाही.

मागच्या आठवड्यात नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलीने ओळखीतून माझा नंबर मिळवला आणि एक यादी पाठवून विचारलं, ताई, ही बरोबर आहे का? माझीच वाक्यं, माझेच पूर्णविराम. मी तिला म्हटलं, शनिवारी ये, आपण बोगद्यातून चालत जाऊ. ती बरं म्हणाली. पण ही यादी आणखी कोणाकोणाकडे गेलीय ते मला माहीत नाही. माझ्या हातून ती केव्हाच निसटली आहे.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या फोनमध्ये अशी एखादी यादी असेल, या शहराची किंवा दुसऱ्या कुठल्याही. ती आज उघडा. ज्या भागात तुम्ही स्वतः गेला नाहीत त्याबद्दलची ओळ खोडा, आणि ज्यांना ज्यांना ती पाठवली होती त्यांना कळवा की ती तुम्ही न बघता पाठवली होती.