माळावर आणलेली वाकळ

सोलापुरात तेव्हा प्लेगची साथ होती; घरात उंदीर मरून पडला की कुणी कुणाला विचारत नसे. भांडीकुंडी बांधायची, घराला कुलूप घालायचं आणि गावाबाहेर माळावर झोपडी टाकायची. आमच्याकडे उंदीर पडला तो चुलीमागं. मी अकरा वर्षांची होते. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, म्हणून भोंगा ऐकू येईल एवढ्याच लांब आम्ही गेलो.

चार दिवसांनी आत्या आली. तिचा नवरा प्लेगनं गेला होता. त्याला पाणी पाजायला, गाठ शेकायला तिच्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं. आई झोपडीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"वन्सं, तुमी तितंच ऱ्हावा. पोरी हायती माज्या."

"व्हय, हितंच बसते की," म्हणून आत्या बाभळीखाली बसली.

ती तिथंच राहिली. वडिलांनी खाली मान घालून तिला एक पोतं नेऊन दिलं. मी दगडावर भाकरी ठेवून मागं सरायची, मग ती उठायची. तिकडून वारा आला की आई आमच्या नाकावर पदर धरायची. सगळा माळ तसाच वागत होता, एकट्या आईला काय बोलायचं? मला लाज वाटायची. तरी मी मागं सरायचीच.

धाकटी बहीण तीन वर्षांची. आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ अंगावर नसली तर ती झोपत नसे. तिची किरकिर ऐकून आईनं वडिलांना बंद घरात पाठवलं. वाकळ ज्वारीच्या कणगीवर घडी घालून ठेवलेली होती. आणली तशी आईनं ती पोरीवर घातली, झटकलीसुद्धा नाही. घरचीच होती ना ती!

चार-पाच दिवसांत धाकटीला ताप भरला, जांघेत गाठ आली. शेजारच्या झोपड्या लांब सरकल्या. आत्या न विचारता आत आली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली. आईनं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली. मला रडू आलं नाही. भोंगा झाला, वडील आले, एवढं आठवतं.

मग प्लेगची लस टोचणारे डॉक्टर आले. आई निपचित पडली होती, म्हणून ते आत्याशी बोलले. हा रोग माणसाच्या वाऱ्यानं येत नाही, म्हणाले, मेल्या उंदराच्या पिसवा कापडात बसतात. बंद घरातून काही आणलं होतं का?

आत्यानं वाकळीकडं पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं वाकळ बाभळीमागं जाळली. मी जवळ उभी होते. "आईला सांगू नगंस," एवढंच म्हणाली. "तिला जगायचं हाय." मी मान डोलावली.

आई पुढं वीस वर्षं जगली. "वन्सं आल्या आनि माजी पोर गेली," हे ती आल्यागेल्याला सांगायची, आत्यासमोरसुद्धा. आत्या उंबऱ्याबाहेर बसून ऐकायची, वेगळ्या कपातला चहा प्यायची, कप विसळून पालथा घालायची. मी गप्प राहिले. शब्द दिला होता म्हणून, असं मी मनाला सांगायची.

आईचे दिवस झाल्यावर मी आत्याला म्हटलं, "आत ये आता."

"हितंच बरं हाय," म्हणत ती उंबऱ्याबाहेर टेकली. मी चहा नेला, तिच्यापुढं कप ठेवला आणि दोन पावलं मागं सरले.