वीतभर इंजिनावर एकोणतीस नावं

आमच्या घरातलं रेल्वे इंजिन एक वीत लांब आहे आणि त्याच्यावर एकोणतीस माणसांची नावं आहेत.

परभणीत आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि घरी आलं की माडीवर जाऊन खेळण्यातली रेल्वे चालवायची, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. (खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘मॉडेल’ म्हणायचं!) रूळ भिंतीच्या कडेने निघतात, गव्हाच्या कोठीवर चढतात आणि पलीकडे पुठ्ठ्याच्या पिंगळी स्टेशनात उतरतात.

"पिंगळीला चढ न्हवता," असं मामा, म्हणजे माझे सासरे, दर वेळी सांगतात.

त्यांना तो अधिकार आहे. मोठी लाइन यायच्या आधी आमच्याकडे छोट्या लाइनवर वाफेची इंजिनं धावायची, त्यांवर मामा फायरमन होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मुलाच्या या उद्योगावर चढाखेरीज त्यांनी वीस वर्षांत एकच वाक्य खर्च केलं. "ही समदी डिझेलची डबडी. माझं इंजिन कुठाय?"

ते इंजिन बाजारात मिळत नाही. परगावी एक कारागीर फोटो बघून हाताने करून देतो. पण त्याने किंमत सांगितली आणि मी खालीच बसले. मी घ्यायच्या ठरवलेल्या नव्या फ्रिजची बरोबर तेवढीच! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रिजकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "अजून दोन वर्षं सहज जाईल की गं हा."

एका माणसाला वडिलांचं इंजिन हवं होतं आणि एका बाईला थंड पाणी. मी दोन्ही जमवायचं ठरवलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांचा फायरमनच्या टोपीतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामांच्या इंजिनासाठी पट्टी द्यावी.’

पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, याला क्राउडफंडिंग म्हणतात!"

"म्हणू दे. तू किती देतेस?"

दोन दिवस ग्रुपवर नुसते जोडलेले हात आले, रुपया एकही आला नाही. मग मी आणखी एक ओळ लिहिली. ‘देणाऱ्याचं नाव इंजिनावर कोरलं जाईल.’

झालं! आमच्याकडे देवळातला पंखा घ्या, पायरी घ्या, बाकडं घ्या, नावाशिवाय वस्तू सापडायची नाही. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवायला लावणारे दाते मी पाहिले आहेत. संध्याकाळपर्यंत एकोणतीस जणांची पट्टी जमली आणि इंजिनाची किंमत निघाली.

"अगं, वीतभर इंजिन हाय ते!" हे ओरडले.

"लोक तांदळाच्या दाण्यावर लिहितात," मी म्हणाले.

मग फर्माइशी सुरू झाल्या. मानवतच्या वन्सं म्हणाल्या, "वैनी, आमच्या ह्यांचं नाव जरा ठळक टाका. अन् खाली ‘कापसाचे व्यापारी’ असं येऊ द्या." चारठाण्याच्या चुलत सासूबाई फार देवभोळ्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला गं? नुसतं ‘ॐ नमः शिवाय’ टाक. पण समद्यांच्या वर. अन् त्याच्याखाली माझं नाव."

पार्सल आलं. काळंभोर, पितळी शिट्टीचं इंजिन. हे तासभर हात न लावता त्याच्याकडे बघत बसले. "येत्या रविवारी दादांसमोर चालवू," एवढंच बोलले. (मामांना हे दादा म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी इंजिन टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि थेट बाबूभाईंकडे गेले. बाबूभाई भांड्यांवर नावं घालतात. माझ्या संसारातलं प्रत्येक ताट, वाटी, पिंप त्यांच्या हाताखालून गेलेलं. (पिंप आणि इंजिन यांत फरक असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.)

यादी बघून ते म्हणाले, "भाबी, ये इंजिन है या लगन की पत्रिका?"

त्यांनी इंजिन दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि मशीन सुरू केलं. टर्रर्रर्र! बॉयलर भरला. कोळशाचा डबा भरला. ‘कापसाचे’ एका बाजूला आणि ‘व्यापारी’ दुसऱ्या बाजूला गेलं. धुराड्याभोवती चारठाणा गोल फिरून आलं. शेवटी बाबूभाईंनी विचारलं, "और आपका नाम?"

मी एक पैसा दिला नव्हता. पण खटपट कुणी केली होती? मी लाजून म्हणाले, "टाका कुठंतरी. दिसलं नाही तरी चालेल."

त्यांनी इंजिन उलटं केलं. टर्रर्र!

रविवारी सगळे दाते माडीवर जमले. मामा फायरमनची टोपी घालून खुर्चीत बसले. मी टॉवेल काढला. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे इंजिन हाय का पिठाचा डबा?" ते कसेबसे पुटपुटले, पण तोवर दाते चष्मे लावून इंजिनावर तुटून पडले होते.

"वैनी, आमचं नाव भिंतीकडं आलंय!"

"येताना दिसंल, वन्सं."

"येताना बी भिंत तिकडंच ऱ्हाती!"

इंजिनाचं तोंड थोडा वेळ इकडे आणि थोडा वेळ तिकडे करून चालवायचं, असा तह झाला. ह्यांनी बटण दाबलं. इंजिन डौलात निघालं, कोठीच्या चढाशी आलं, घर्रर्र केलं आणि उभं राहिलं. पुन्हा बटण. पुन्हा घर्रर्र.

"नारळ फोडला न्हाई, म्हणून," चारठाण्याच्या सासूबाई म्हणाल्या.

"जरा ढकला की," वन्सं म्हणाल्या.

हे घाम पुसत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा वडील मुद्दाम बघायला बसले होते आणि इंजिन बसलं होतं!

"गप बसा समदे!" मामा उठले. रुळाजवळ कान नेला. "लाव पुन्हा." घर्रर्र. "चाक घासायलंय. बॉडी वाकलीय. कुणी दाबलं हे?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबूभाईंचे गुडघे उभे राहिले. मी कबुली दिली. ह्यांनी चार स्क्रू काढले आणि एकोणतीस दाते एका हाताने उचलून बाजूला ठेवले.

"अरे अरे, आमची नावं!" माडी दुमदुमली.

खाली उरला नुसता सांगाडा, चाकं आणि मोटार. ह्यांनी बटण दाबलं. सांगाडा सरसर चढ चढला, कोठी ओलांडून पिंगळीत उतरला आणि स्टेशनात थांबला. मामांनी टोपी सारखी केली.

"दिगू, हे खरं इंजिन. वरचं नुसतं नटणं असतंय." मग सवयीने म्हणाले, "पण पिंगळीला चढ न्हवता."

हे इतके खूश झाले की मला रागवायचंही विसरले. माझी सुटका झाली असं मला वाटलं. तेवढ्यात वन्संनी कौतुकाने सांगाडा उचलला आणि उलटा केला.

"सौ... मंगल... दिगंबर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "वैनी, तुमी किती दिलं होतं?"

सगळे दाते माझ्याकडे वळले. खाली माझा नवा फ्रिज तेवढा गुरगुरत होता.

एकोणतीस नावांची बॉडी आता दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. जो येतो तो तिला आपल्या बाजूने फिरवून ठेवतो. माझ्या नावाचा सांगाडा मात्र रोज संध्याकाळी मामांसमोर न चुकता चढ चढतो. पट्टी न देता नाव कोरून घेणारी परभणी जिल्ह्यात मी पहिली नसेन. पण उलटं करून बघितल्यावर सापडलेली बहुधा मी एकटीच!