मातीबिगर कर्दळ
परवा रोपवाटिकेत ओल्या खडीचा वास आला आणि दुष्काळातलं आमचं परसातलं तळं आठवलं. पाणी आटून हिरवं पडलेलं, मासे वर येऊन तोंड वासायचे. दूध सोसायटीच्या बांधकामातली उरलेली खडी धुऊन मी काठच्या खड्ड्यात भरली, तिच्यात कर्दळ लावली आणि मोटारीनं तळ्याचं पाणी खडीखालून वर सोडलं, म्हणजे ते मुळांतून गाळून परत तळ्यात पडेल. "मातीबिगर कसं जगंल रं हे?" म्हणत आईनं माझ्या माघारी मुळांशी काळी माती घातली आणि सगळं पाणी गढूळ झालं. मी चिडून खडी पुन्हा धुतली. महिन्यानं तळाचा खडा न् खडा दिसू लागला. जन्मभर शेतात राबलेली आई वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. "झाड पाणी पितंय एवढंच ठावं होतं," ती हळूच म्हणाली, "हे तर पाणी धुतंय." परवा रोपवाटिकेतून आणलेल्या कर्दळीच्या मुळांची माती झटकताना मात्र माझाच हात अडखळला; आईचाच प्रश्न ओठांवर आला, "मातीबिगर कसं जगंल रं हे?"