गॅलरीतला जनरेटर

आमच्या मुलुंडच्या इमारतीत लाइट जायची ती फक्त आमचीच. समोरच्या टॉवरमध्ये एसी चालू, खाली मेडिकलवाल्याची पाटी झगझगीत, आणि मधल्या आमच्या चार मजल्यांवर काळोख. दोष आमच्याच मीटरच्या खोलीत होता. मुख्य स्विच जुना, वर चढणाऱ्या वायरी त्याहून जुन्या. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम लागले की तिथून जळका वास यायचा आणि मग सगळं शांत. इलेक्ट्रिशियन यायचा, काहीतरी जोडून जायचा. आठवडाभर बरं चालायचं, की पुन्हा तेच.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दर वेळी हा विषय काढायचे आणि सेक्रेटरी दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "अहो वहिनी, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे ना, मग आता कशाला नवीन वायरिंग?" बिल्डिंग कित्येक वर्षं जाणारच होती. एक बिल्डर गेला, दुसरा आला, त्याचंही काही जमेना. तोपर्यंत आम्ही मेणबत्त्या आणि मोबाइलचे टॉर्च यांवर दिवस काढत होतो. चिडचिड व्हायची, पण चालत होतं.

मग माझ्या नवऱ्याच्या फुफ्फुसांचं निघालं, आणि चालेनासं झालं.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धातूला पॉलिश करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर खोकला सुरू झाला, पुढे जिना चढवेना, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. छोट्या कपाटाएवढं, चाकांवरचं ते मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढायचं आणि लांब नळीने त्यांच्या नाकाशी पोचवायचं. विजेवर चालणारं. लाइट गेली की ते एक लांब शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं. मग मी धावत जाऊन खाटेशेजारचा सिलिंडर उघडायचा, नळी मशीनमधून काढून त्याला जोडायची. सिलिंडर काही तास पुरायचा. तो भरून आणायचा म्हणजे वेगळी यातायात. गाडीवाल्याला फोन, तो आज येतो, उद्या येतो. भरलेला सिलिंडर येईपर्यंत माझं लक्ष एकसारखं दिव्याकडे.

बेंगळुरूहून मुलीने फोनवर पाठवलेल्या इन्व्हर्टर-जनरेटरच्या लिंक मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघत बसायचे. एखादं दिवसभर चालतं पण फार जड, एखादं हलकं पण मशीनचा भार झेपत नाही. सगळ्यांचे फोटो सारखे, सगळ्यांची स्तुती सारखी. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागायची.

"इन्व्हर्टरच घेऊया ना," मी घरी म्हटलं. "आवाज नाही, धूर नाही."

"बॅटरीच्या आत काय चाललंय ते तुला बाहेरून कळतं?" ते म्हणाले. बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा, तरी मुद्दा सोडत नसत. "इंजिन बिघडायला लागलं की आधी आवाज बदलतो. माणसाला सावध करतं ते. बॅटरी मान टाकते एकदम. जनरेटर घ्यायचा."

"आणि तो ठेवायचा कुठे?"

"गॅलरीत."

"पेट्रोलचं इंजिन, आणि आत ऑक्सिजन? अहो, डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरांनी कधी कारखाना चालवलाय?"

हे वाद मी हरायचे, कारण त्यांना दम लागलेला मला बघवायचा नाही. बोलणं वाढलं की ओठ काळपट दिसायला लागायचे आणि मी म्हणायचे, बरं, तुम्ही म्हणाल तसं.

सेक्रेटरींना विचारलं, तर ते हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्या गॅलरीत तुम्ही काय ठेवता ते मी बघायला येत नाही. पण माझ्याकडे परवानगी मागू नका, मग मला नाही म्हणावं लागेल."

कुर्ल्याला एका गल्लीत जुने-नवे पंप आणि जनरेटर विकणारी दुकानं आहेत. माझ्या नवऱ्याला येणं शक्य नव्हतं, पण निवड त्यांनाच करायची होती. म्हणून मी एकटी गेले आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. दुकानदाराने पहिला जनरेटर दोरी ओढून चालू केला. मी हात लांब करून फोन त्याच्या जवळ धरला. धुराने डोळ्यांना पाणी येत होतं. फोनच्या पडद्यावर माझा नवरा नाकात नळी घालून, डोळे मिटून ऐकत होता.

"हा नको," ते म्हणाले. "खोकतोय."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. दुसरा चालू केला. तोही नको, आतून काहीतरी सैल आहे म्हणे. पुढच्याला मात्र त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि डोळे उघडले. आजारी पडल्यापासून त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता. "हा घे. छान श्वास आहे याचा."

मी तो घेतला. कमी आवाजाचा होता का, हलका होता का, काही बघितलं नाही. त्या चेहऱ्यासाठी घेतला.

गॅलरीतल्या तुळशीची आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडची जागा जनरेटरने घेतली. पंपावर सुटं पेट्रोल देईनात, म्हणून मी स्कूटरची टाकी भरून आणायची आणि रबरी नळीने त्यातून थोडं काढून घ्यायचं, असं सुरू झालं. ऑफिसला जाताना हाताला पेट्रोलचा वास यायचा. दोरी ओढायला त्यांनीच मला शिकवलं. "हिसका नको देऊस, आधी जरा अडेल तिथपर्यंत आण, मग एका दमात ओढ." मला जमायला बरेच दिवस लागले. खांदा दुखायचा. सकाळी कामाला येणाऱ्या बाईंनाही मी शिकवून ठेवलं.

जनरेटर पहिल्यांदा खराखुरा चालवला त्या दिवशी दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. मालवणकडच्या, गिरणी कामगाराची विधवा, जिभेला हाड नसलेली बाई. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या घोवाक श्वास होयो म्हणान तू माझो श्वास बंद करतलंस काय गो?"

धूर सरळ त्यांच्या खिडकीत जात होता. वाळत घातलेल्या साड्यांना वास लागला होता. मी माफी मागितली. आजी आत आल्या, खाटेवरच्या माणसाकडे बघितलं, त्यांच्या नाकातल्या नळीकडे बघितलं, आणि आल्या तशा परत गेल्या. त्यानंतर लाइट गेली की त्या आपली खिडकी लावून घ्यायच्या, पण इतक्या जोरात की खाली आम्हाला ऐकू यावं.

वारा उलटा असला की धूर आमच्याच घरात शिरायचा. मी गॅलरीचं दार लावायचे, फटीत ओला टॉवेल कोंबायचे. बंद खोलीत उकडायचं. बाहेर इंजिन धडधडायचं, आत मशीन घुरघुरायचं, आणि त्या दोन आवाजांमध्ये आम्ही एकमेकांशी बोलायचंच सोडून दिलं. खुणेने पाणी, खुणेने चहा. त्यांना मात्र त्या गोंगाटात स्वस्थ वाटायचं. जनरेटर जरा अडखळला तरी त्यांची मान वळायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी अंधेरीच्या ऑफिसात माझा फोन वाजला. त्यांचा नंबर होता, आवाज आजींचा.

"बाय, घाबरा नको. पण ये."

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत रिक्षाने आले. पवईला सगळं अडकलं होतं. मी काय बोलले आठवत नाही, पण रिक्षावाला आरशातून पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता आणि शेवटी फुटपाथला घासून त्याने रिक्षा पुढे काढली, एवढं आठवतं.

घरात शिरले तर ते खाटेवर बसलेले, सिलिंडरची नळी नाकात, अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला. शेजारी आजी पेपरने वारा घालत त्यांना मालवणीत शिव्या देत होत्या. शिव्या ऐकून मला हायसं वाटलं. मरणाऱ्या माणसाला कुणी असं बोलत नाही.

झालं होतं ते असं. सकाळच्या बाई काम आटपून गेल्या आणि थोड्या वेळाने लाइट गेली. आजींनी सवयीने उठून खिडकी लावली. वाट बघितली. खालून धडधड सुरूच होईना. लाइट नाही आणि आवाजही नाही, हे त्यांना बरं वाटेना. आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असायची, तशी त्यांची आमच्याकडे. कठड्याला धरून त्या खाली आल्या, दार उघडलं, तर माझा नवरा गॅलरीच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसलेला, हातात जनरेटरची दोरी, तोंडातून शब्द नाही. सिलिंडर कसा उघडतात हे आजींना माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याने बोटाने दाखवलं, आजींनी दोन्ही हातांनी सिलिंडरवरची चावी फिरवली.

"उशाशी सिलिंडर होता ना," संध्याकाळी मी त्यांना विचारलं. लाइट आली होती, मशीन चालू होतं. "मग आधी तिकडे कशाला गेलात?"

"वाटलं, होईल."

मी सिलिंडरची चावी घट्ट बंद केली.

"दोरी ओढली मी. इंजिननेच पकडलं नाही," ते म्हणाले. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "अर्ध्यापर्यंतच आली गं माझ्याने. पुढे येईचना."

मी त्यांच्या पायांवरून चादर नीट केली. दुसरं काय करणार होते? एवढ्या मोठ्या यंत्रांवर हात चालवलेला माणूस. मला रडायला हवं होतं, पण इतकी दमले होते की रडण्याचंही त्राण नव्हतं. डाळ-तांदूळ कुकरला लावले आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "तो देऊन टाक परत. आण तुझा इन्व्हर्टर."

वाद मी जिंकले होते. पण या जिंकण्यात काही चव नव्हती.

पुन्हा दुकानं, पुन्हा मुलीच्या लिंक. पहिला इन्व्हर्टर आणला तो आमच्या मशीनला मानवला नाही. पंखा-दिवे ठीक चालायचे, मशीन मात्र सारखी शिट्टी मारायचं. दुकानदार म्हणाला, असल्या मशीनला वेगळा लागतो, आधी सांगायचं ना मॅडम. आधी सांगितलं होतं. भांडायची ताकद नव्हती. बदलून घेतला. दोन माणसं घामाघूम होऊन बॅटऱ्या वर घेऊन आली, त्या हॉलच्या कोपऱ्यात बसल्या. हे सगळं चाललेलं असताना माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडून होता. एकदाही वळून बघितलं नाही.

पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा काहीच झालं नाही. शिट्टी नाही, धावपळ नाही. शेजारच्या घरातून कुणीतरी "गेली रे" म्हणालं म्हणून मला कळलं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

ते कान देऊन ऐकत राहिले. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. "कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि ज्या स्वरात म्हणाले तो मला निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून घरी आले होते तेव्हाचा वाटला.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. शेवटी न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलात गेले. तिथे लाइट एकदाही गेली नाही, तरी ते गेले.

पण त्या दीड वर्षातल्या दुपारी मला आठवतात. इमारतीची लाइट गेली की वरच्या आजी पानाचा डबा घेऊन खाली यायच्या, आमच्या पंख्याखाली बसायला. खाटेवर ते, खुर्चीत आजी. गिरणी मोठी की कारखाना कठीण, कुणाच्या मुकादमाचा आवाज जास्त, यावर दोघांचं जुंपायचं. ते दम खात एकेक वाक्य बोलायचे आणि आजी त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या. एरवी त्या कुणासाठीही थांबत नसत.

असाच एक शनिवार होता, मला सुट्टी होती. मी आतल्या खोलीत जरा पाठ टेकायला म्हणून गेले. बाहेर आजी म्हणत होत्या, "आमच्या खात्यात इतको आवाज, बाजूच्याक हाक मारूची तर खांद्यार हात ठेवूचो लागे." त्यावर ते काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. डोळा लागला होता. जाग आली तेव्हा आजी गेल्या होत्या, लाइट कधीच परत आली होती, आणि ओट्यावर कुणीतरी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. तो निवून गेला होता. मी तसाच प्यायले.